कागद, पेन्सिल, खोडरबर

घरात एखादं मूल इंजिनिअरिंगला असलं की ती चार वर्षं सबंध घरच इंजिनिअरिंगला असतं. सबमिशनच्या रात्री आई जागते, व्हायव्हाच्या दिवशी आजी देवापुढे साखर ठेवते आणि बाप फी भरतो. आमच्या नवीन पनवेलात तर हे प्रमाण फारच. सिडकोने हे गाव वसवताना सेक्टर पाडले, रस्ते सरळ काढले, मैदानं सोडली. पण घरटी एक इंजिनिअर असावा, असं काही नकाशात लिहिलं नव्हतं. ते लोकांनी आपण होऊन केलं. कोकणात वैशाखात जशी घरोघरी आंब्याची अढी असते, तसा आमच्या सेक्टरात घरोघरी एक इंजिनिअर पिकत घातलेला असतो. आईबाप मधूनमधून गवत बाजूला करून बोटाने दाबून बघतात, पिकलाय का.

आमच्या अढीत कन्या आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष. मी स्वतः बी.कॉम. आणि बँकेत कारकून. हल्ली या पदाला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलंय. काम मात्र जुन्याच नावाचं आहे.

तिला यंदा जो विषय होता तो जगभर 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' या नावाने शिकवतात. मुंबई विद्यापीठाने २०१९च्या अभ्यासक्रमात त्याला 'थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स' असं भारदस्त नाव दिलं आणि मुलांनी लगेच त्याचं 'टी.सी.एस.' करून टाकलं. आता मुलांच्या भाषेत पास होणं म्हणजे 'सुटणं'. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा निकालाच्या दिवशी "टी.सी.एस. सुटलं, टी.सी.एस. सुटलं" असं ओरडत जिना उतरला, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी वर जाऊन त्याच्या आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धीर सोडू नका हो. दुसरी लागेल."

ज्याला काहीही येत नाही अशा माणसाला समजावून सांगता आलं, की आपल्याला विषय कळला असं समजावं, असा आमच्या कन्येचा एक सिद्धांत आहे. त्या माणसाचा शोध घेत तिची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. सौ.ला म्हणे वेळ नसतो. तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की आमचा वर्ग भरू लागला. फळा म्हणून बँकेच्या जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी बाजू.

मला वाटलं होतं, विषय कॉम्प्युटरचा आहे म्हणजे पुस्तकात कॉम्प्युटर असेल. पुस्तकात शेवटपर्यंत वायर नाही, बटण नाही, पडदा नाही. नुसती वर्तुळं आणि बाण. आमच्या आजीने संक्रांतीला घातलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीला ग्रीक अक्षरं चिकटवली तर जे होईल ते. पण दोनचार दिवसांत लक्षात आलं, की विषय फक्त तीन प्रश्नांचा आहे. यंत्र म्हणजे नेमकं काय? त्याला किती स्मरणशक्ती दिली तर ते काय काय करू शकतं? आणि कितीही दिली तरी काय करू शकत नाही? पहिल्या दोन प्रश्नांत माझं डोकं दुखलं. तिसऱ्यात माझी नोकरी गुंतलेली होती, म्हणून मी ताठ बसलो.

सगळ्यात गरीब यंत्र म्हणजे फायनाइट ऑटोमेटन. म्हणजे ज्याच्या नशिबी ठरावीकच अवस्था लिहिलेल्या आहेत असं. आमच्या जिन्यातला दिवा घ्या. त्याला एक बटण खाली, एक वर. कोणतंही दाबा, पेटलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर पेटतो. त्याला एवढंच ठाऊक असतं, की आत्ता मी पेटलोय की विझलोय. बटण तळमजल्यावरच्या काकूंनी दाबलं की तिसऱ्या मजल्यावरच्या कार्ट्याने, याची नोंद त्याच्याकडे नाही. मनात कुणाबद्दल अढी नाही. सुखी जीव! पण गंमत अशी, की सुरुवातीला तो विझलेला होता एवढं ठाऊक असलं, तर लाखभर वेळा बटणं दाबली गेली तरी एकूण आकडा सम की विषम, हे तो दिवा बिनचूक सांगतो. किती वेळा दाबलं, ते मात्र त्याला विचारू नये. मोजण्याचं काम न करता हिशेब बरोबर येतो, हे पाहून माझ्यातल्या कारकुनाला त्याचा हेवा वाटला.

दुसरं उदाहरण कन्येने माझ्या जिव्हाळ्याचं घेतलं. ए.टी.एम.चा पिन. तिने कॅलेंडरवर वर्तुळं काढली. एकही चूक नाही, एक चूक, दोन चुका. पिन बरोबर आला तर कुठल्याही वर्तुळातून एक बाण थेट दुहेरी रेघेच्या वर्तुळात जातो. दुहेरी वर्तुळ म्हणजे काम फत्ते. तिसऱ्यांदा चुकला तर बाण शेवटच्या एका वर्तुळात जातो आणि संपतं.

"इथून पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही. ही डेड स्टेट. आत येणारा बाण आहे, बाहेर जाणारा नाही. एकदा इथे अडकलं की काहीही करा, इथेच."

मला ते वर्तुळ ओळखीचं वाटलं, पण नेमकं कुठे पाहिलंय ते आठवेना. धडा पुढे सरकला.

पुढच्या धड्यात नॉनडिटर्मिनिस्टिक यंत्र आलं. नाव ऐकूनच मी पाणी प्यायलो. पण पनवेल स्टेशनावर रोज उभं राहणाऱ्या माणसाला ते समजायला जड नाही. समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गाडी आहे, पलीकडे ठाण्याची आहे. तुम्हीआम्ही एकीत बसतो आणि दुसरी आधी सुटली की हळहळतो. हे यंत्र एकाच वेळी सगळ्या गाड्यांत बसतं! त्यातली एक जरी मुक्कामी पोचली, तरी यंत्र पोचलं असं धरतात. असा प्रवासी प्रत्यक्षात नसतो, हे गणितवाल्यांनाही ठाऊक आहे. पण १९५९ साली मायकेल राबिन आणि डाना स्कॉट या दोघांनी दाखवून दिलं, की हा दैवी प्रवासी जे करू शकतो ते साधं, एका वेळी एकाच गाडीत बसणारं यंत्रही करू शकतं. फक्त त्याला अवस्था जास्त लागतात. दैवी यंत्राच्या दहा असतील तर साध्याला कधीकधी एक हजार चोवीसपर्यंत. ऐकल्यावर मला पूर्वीच्या बँकेचा खुलासा झाला. जे काम एखादा हुशार मॅनेजर अंदाजाने चुटकीसरशी करतो, तेच नियमाने करायचं तर एवढे कारकून लागायचेच.

या गरीब यंत्राचं दुःख एकच, त्याला अमर्याद मोजता येत नाही. जेवढ्या अवस्था, तेवढीच स्मरणशक्ती. लग्नात जेवढी पानं मांडली तेवढेच विडे दिले का, एवढं साधं तपासायचं म्हटलं तर पंगत मोठी झाली की त्याची बोटं संपतात. म्हणून पुढच्या यंत्राला एक सोय दिलेली असते. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात. कन्या तो शब्द समजावून सांगायला लागली, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "उतरंड म्हण की सरळ."

उतरंड! एकावर एक रचलेली मडकी. शेवटी ठेवलेलं पहिलं निघतं. खालचं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. जेवणाच्या डब्याचंही तेच. या यंत्राने प्रत्येक पानामागे एक मडकं चढवायचं आणि प्रत्येक विड्यामागे एक उतरवायचं. शेवटी उतरंड रिकामी झाली म्हणजे हिशेब जुळला. पंगत पन्नासाची असो की पाच हजारांची. गणितातले कंस असेच जुळवतात. जो कंस शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे. आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरातली वाक्यंही याच पद्धतीने वाचावी लागतात. 'परंतु' चढवत चढवत जायचं आणि क्रियापद दिसलं की एकेक उतरवायचं.

पण उतरंडीलाही मर्यादा आहे. पानं, विडे आणि दक्षिणेची पाकिटं, अशा तीन गोष्टी सारख्या आहेत का, असं विचारलं की हे यंत्र बिचारं अडतं. पानांची मडकी विड्यांनी उतरवून झालेली असतात. पाकिटांची पाळी येते तेव्हा किती होती, हे आठवायला काही शिल्लकच नसतं. अशा वेळी दुसरी उतरंड दिली तर? तर, कन्या म्हणाली, जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला जे जमतं ते सगळं या यंत्राला जमतं. त्याच्या पुढे यंत्र नाही. दोन उतरंडींत ब्रह्मांड! आमच्या आजोळी माजघरात तीन होत्या. त्यांत फक्त डाळी आणि कडधान्यं होती.

मग आला अ‍ॅलन ट्युरिंग, आणि मी या विषयाचा झालो.

जन्म १९१२चा. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. म्हणजे पोरगा सरकारी नोकराचा, आपल्यातलाच. १९३६ साली, केंब्रिजला असताना, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने एक निबंध लिहून धाडला. प्रश्न जर्मनीच्या हिल्बर्टने टाकलेला होता. गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध होण्याजोगं आहे की नाही हे ठरवून देणारी एक ठरीव पद्धत असू शकते का? ट्युरिंगने उत्तर दिलं, नाही. अमेरिकेत अलोन्झो चर्च याने वेगळ्या वाटेने जाऊन त्याच वर्षी तेच उत्तर दिलं होतं. पण 'अशी पद्धत नाही' म्हणायचं तर आधी 'पद्धत' म्हणजे काय ते ठरवायला हवं. त्यासाठी ट्युरिंगने कुणाकडे पाहिलं असेल?

कारकुनाकडे!

मी अतिशयोक्ती करत नाही. १९३६ साली 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हताच मुळी. बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. ट्युरिंगने असा एक माणूस डोळ्यांपुढे आणला. समोर कागद, त्यावर मुलांच्या गणिताच्या वहीत असतात तसे चौकोन. माणूस एका वेळी थोडेच चौकोन पाहतो. त्याच्या मनाची त्या क्षणी एक स्थिती असते. समोरचं चिन्ह आणि मनाची स्थिती, एवढ्यावरून पुढचं पाऊल ठरतं. काय खोडायचं, काय लिहायचं, डावीकडे सरकायचं की उजवीकडे. बस्स. कागदाची लांबलचक पट्टी केली, माणसाच्या मनाच्या जागी नियमांचा तक्ता ठेवला, की झालं ट्युरिंग मशीन. पुढे १९४८च्या एका अहवालात तर त्याने स्वच्छ म्हटलंय, की माणसाला कागद, पेन्सिल, खोडरबर आणि कडक शिस्त दिली, तर तो कुठलंही यंत्र होऊ शकतो. आमच्या बँकेत खोडरबर चालत नाही, खाडाखोडीवर सही लागते. बाकी वर्णन तंतोतंत.

त्या पहिल्या निबंधातली एक गोष्ट ऐकून मी खुर्चीवरून उठलोच. ट्युरिंग म्हणतो, हा मोजणारा माणूस मध्येच काम टाकून निघून गेला, सगळं विसरून गेला, तरी बिघडत नाही. फक्त उठण्यापूर्वी त्याने एक चिठ्ठी लिहून ठेवावी, काम कुठवर आलंय आणि पुढे कसं न्यायचं. परत आल्यावर त्याने ती वाचावी आणि पुढे चालू करावं.

म्हणजे चार्ज देणं! लंच अवर! रजेवर जाताना ड्रॉवरमध्ये ठेवलेला कागद, 'अमुक व्हाउचर पासिंगला गेलंय, तमुक पार्टी सोमवारी येईल'! ज्या गोष्टींबद्दल जग आम्हाला आजवर नावं ठेवत आलं, त्या केंब्रिजच्या माणसाने गणितात बसवल्या होत्या. आणि एवढ्यावर थांबला नाही. त्याने असं एक यंत्र कल्पिलं, की ज्याच्या पट्टीवर दुसऱ्या कुठल्याही यंत्राचा नियमांचा तक्ता लिहून दिला, तर ते त्या यंत्राचं काम हुबेहूब करून दाखवील. आज आपल्या खिशात फोन आहे, तो घडीत कॅमेरा होतो, घडीत रेडिओ, घडीत पासबुक, तो याच कल्पनेवर. आमच्याकडे याला बदली कारकून म्हणतात. कुठल्याही टेबलावर बसवा, तिथलं मॅन्युअल वाचतो आणि त्या टेबलाचा होऊन जातो.

"बाबा," कन्या म्हणाली, "म्हणजे तुमचं काम नियमांचंच असेल, तर ते मशीनला करता येणारच ना?"

प्रश्न साधा होता. ती अभ्यास करत होती, मला टोचायचा तिचा हेतू नव्हता. पण सौ.ची भांडी घासणं थांबलं. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. मग खतावण्या लिहिणारी यंत्रं आली. १९८७ साली मुंबईत देशातलं पहिलं ए.टी.एम. लागलं. २०१६ साली यूपीआय आलं आणि भाजीवालीच्या टोपलीतून बँक बोलायला लागली. मी शाखेत लागलो तेव्हा काउंटरमागे अकरा माणसं होती. आज चार आहोत. त्यातले दोघं निवृत्तीला आलेत आणि त्यांच्या जागा भरायच्या नाहीत, असं वरून कळलंय. माझी अजून बारातेरा वर्षं आहेत. घराचे हप्ते साडेनऊ.

"येईलच," मी म्हणालो. "पुढचा धडा घे."

पुढचा धडा हॉल्टिंग प्रॉब्लेमचा होता. यंत्राला काम दिलं तर ते कधीतरी थांबेल का, हा प्रश्न. काही कामांबद्दल हे छातीठोक सांगता येतं. याचं सर्वांत देखणं उदाहरण आपल्या मराठी मास्तरांनी देऊन ठेवलंय. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, डहाणूला जन्म, देवळालीला शाळामास्तर. १९३० ते १९६२ पोरांना शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळले. रेल्वेने जाता येता डोंबिवलीजवळ सुचलेल्या आकड्यांना डोंबिवलीच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हणून मोकळे झाले. लोकलमध्ये आपल्याला फक्त चौथी सीट सुचते. तर १९४९ साली त्यांना असं सापडलं, की कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतो आणि मग दुसरं काही येतच नाही.

ट्युरिंगचंच साल घेऊ, १९३६. ९६३१ वजा १३६९, ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, ६३५४. पुढे ३०८७, पुढे ८३५२ आणि पाचव्या पावलाला ६१७४. बायकोच्या माहेरच्या वाटेसारखं आहे. कुठूनही निघा, तिथेच पोचता. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. इथे थांबण्याची खात्री देता येते, कारण चार अंकी आकडे मोजकेच आहेत. बसा आणि एकेक करून तपासा. कारकुनी काम आहे.

आता दुसरा खेळ. आकडा सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. असं करत करत १ आला की थांबा. १९३७ साली लोथार कोलाट्झ याच्या डोक्यात आलेला हा खेळ. २७ पासून सुरू केलं तर आकडा ९२३२ पर्यंत चढतो आणि १११ पावलांनी एकावर येतो. आजवर तपासलेला प्रत्येक आकडा असा एकावर आलाय. पण प्रत्येकच आकडा येतो का? आजतागायत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. नियम दुसरीतल्या पोराचे, आणि उत्तर जगात कुणाकडे नाही!

मग प्रत्येक खेळासाठी वेगळं डोकं खाजवण्याऐवजी, कुठलंही काम थांबेल की नाही हे सांगणारा एकच सर्वज्ञ नेमला तर? कन्येने माझ्यासाठी गोष्ट बँकेत आणली. समजा हेड ऑफिसने असा एक तपासनीस नेमला. त्याच्यापुढे एक सर्क्युलर आणि एक अर्ज ठेवायचा. तो ठरावीक वेळात सांगणार, 'या सर्क्युलरप्रमाणे हा अर्ज निकालात निघेल' किंवा 'हा जन्मभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल'. कधीही चुकणार नाही.

आता कुणा खोडकर कारकुनाने नवं सर्क्युलर काढलं. हाती येईल ते सर्क्युलर तपासनिसाकडे न्यावं आणि विचारावं, 'या सर्क्युलरला हेच सर्क्युलर अर्ज म्हणून जोडलं तर काम संपेल का?' तपासनीस 'संपेल' म्हणाला, तर आपण काम कधीही संपवू नये. 'संपणार नाही' म्हणाला, तर ताबडतोब संपवून घरी जावं. आणि मग त्या कारकुनाने हे नवं सर्क्युलरच स्वतःला अर्ज म्हणून जोडून तपासनिसापुढे ठेवलं.

बोला! तपासनीस 'संपेल' म्हणाला तर ते संपत नाही. 'संपणार नाही' म्हणाला तर तिथल्या तिथे संपतं. काहीही म्हणाला तरी खोटा पडतो. म्हणजे असा तपासनीस आज मिळत नाही असं नव्हे. तो असूच शकत नाही. उद्याचा कॉम्प्युटर कितीही वेगवान येऊ दे. या निकालाचं बीज ट्युरिंगने पहिला खराखुरा कॉम्प्युटर बनायच्या आधीच, नुसत्या कागदावर रुजवलं होतं. यंत्र जन्माला यायच्या आधी त्याची कुंडली मांडली आणि त्यातला दोषही दाखवून दिला!

सौ. हात पुसत बाहेर आली. "एखादी गोष्ट सुरू झाली की थांबेल की नाही हे आधी सांगता येत नाही, एवढंच ना? मग त्याला केंब्रिजला कशाला जायला हवं? यांना एकदा बोलायला लावायचं."

मला मात्र त्या रात्री उगाच बरं वाटलं. यंत्राला न जमणारं काहीतरी सापडलं होतं. पण कन्या हिशेबात पक्की. ती म्हणाली, "बाबा, खूश होऊ नका. सगळ्याच कामांचं सांगणारी पद्धत माणसाकडे तरी कुठाय? कोलाट्झचं तुम्ही सांगाल?" खरं होतं. ट्युरिंगने यंत्राला लावलेली मर्यादा कारकुनाकडे बघूनच लावली होती. मग फरक उरला कुठे?

तो फरक मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर दिसला. नोव्हेंबर महिना, म्हणजे निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस. एक आजोबा यंत्रावर अंगठा ठेवत होते आणि यंत्र म्हणत होतं, पुन्हा प्रयत्न करा. आजोबा पुन्हा ठेवत होते. सगळं आयुष्य कारखान्यात गेलेलं. बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र पुन्हा म्हणत होतं, पुन्हा प्रयत्न करा. यंत्राचं काही चुकत नव्हतं, ते नियमाप्रमाणे चाललं होतं. पण आजोबा जिवंत आहेत हे त्याला पटत नव्हतं आणि आजोबांचा हात थरथरायला लागला होता. हा बोटांच्या रेषांचा प्रश्न नव्हता, पेन्शनचा होता.

मी त्यांना म्हटलं, "आजोबा, अंगठा राहू द्या. इकडे येऊन बसा." कागदाचा फॉर्म काढला, त्यांची जुनी सही काढून ताडून पाहिली, समोर सही घेतली, शिक्का मारला. चहा सांगितला. दहा मिनिटांत आजोबा सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाले आणि जाताना "नातसून आली हो घरात" एवढं सांगून गेले. ते सांगायला कुठल्याही फॉर्मवर रकाना नाही.

हे फिरणं थांबणार नाही, हे मी काही सिद्ध करून दाखवलं नव्हतं. ते ट्युरिंगलाही जमलं नसतं. मी नुसतं म्हटलं, आता पुरे. यंत्र बनवणारे शहाणे असतात, तेही यंत्राला 'तीन वेळा कर आणि सोड' असं सांगून ठेवतात. पण सोडल्यावर त्या माणसाचं काय करायचं, याची सोय त्या यंत्रात नसते. त्याने फक्त एक वाक्य छापायचं असतं. आणि मला एकदम आठवलं, कन्येच्या कॅलेंडरावरचं ते ओळखीचं वर्तुळ मी कुठे पाहिलं होतं. पिन तीनदा चुकला, बाण शेवटच्या वर्तुळात गेला, बाहेर जायला वाट नाही. त्या वर्तुळात आमच्या ए.टी.एम.च्या पडद्यावर अक्षरं येतात, 'कृपया शाखेशी संपर्क साधा'.

शाखा म्हणजे आम्ही चौघं. बावीस वर्षं मी त्याच वर्तुळात बसलोय.

रात्री कन्येला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते जुनं कॅलेंडर शोधून काढलं, डेड स्टेटमधून बाहेर जाणारा एक बाण काढला आणि त्यावर बारीक अक्षरात 'बाबा' असं लिहिलं.

"पेपरात मात्र असं काढू नकोस," मी म्हटलं. "परीक्षकाकडच्या उत्तरात माझी सोय केलेली नसेल."